काव्यातील अलंकार आणि बोलीतील लक्षणा : नेरळ परिसराच्या आधारे काही विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

शालेय व महाविद्यालयीन परीक्षांत कवितेवर जे प्रश्न विचारले जातात त्यांत ‘अलंकार ओळखा’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलेला आहे. त्याचे उत्तर बहुधा एका शब्दात द्यावयाचे असते आणि त्या शब्दाला ठरावीक गुण असतात. ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ हे शब्द दिसले की उत्प्रेक्षा. ‘सम’, ‘परी’, ‘जसा-तसा’ दिसले की उपमा. ‘नव्हे’ दिसले की अपन्हुती, असा एक सोपा हिशोब विद्यार्थ्यांच्या हाती दिला जातो व तो बऱ्याच वेळा बरोबरही येतो. मात्र उत्तर बरोबर येऊनही कविता वाचली गेली असे म्हणता येत नाही. अलंकाराचे नाव सांगणाऱ्या विद्यार्थ्याला ‘या ठिकाणी कवीने हा अलंकार का योजिला, तो नसता तर काय उणे पडले असते?’ असे विचारल्यास तो बहुधा ‘कवितेला शोभा येते’ एवढेच सांगतो. हे उत्तर ‘अलंकार’ या शब्दाच्या वाच्यार्थातून, म्हणजे दागिन्याच्या कल्पनेतून आलेले आहे. दागिना अंगावरून उतरविला तरी अंग तेच राहते, त्याप्रमाणे अलंकार काढून टाकला तरी कवितेचा अर्थ तोच राहतो, अशी समजूत त्यामागे असते.

ही समजूत दूर करण्याचा एक मार्ग प्रस्तुत लेखात सुचविला आहे. अलंकार हा कवितेने भाषेला बाहेरून घातलेला साज नसून बोलण्यातच अंतर्भूत असलेल्या लक्षणेचा जाणीवपूर्वक केलेला विस्तार होय, हे विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या परिसरातील शब्दांवरून दाखविता येते, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे. उदाहरणांसाठी रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील नेरळ व त्याचा परिसर घेतला आहे. एका बाजूस माथेरानचा डोंगर, पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग, मधून वाहणारी उल्हास नदी, भाताची खाचरे, ठाकर व कातकरी यांच्या वाड्या, आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत गेलेल्या लोहमार्गापासून सुरू झालेला मुंबईशी दैनंदिन संबंध, या साऱ्यांचे थर येथल्या बोलण्यात एकत्र आढळतात. या कारणाने हा परिसर सोयीचा वाटला. अन्यत्रच्या अध्यापकाला आपल्या गावाच्या आधारे हेच विवेचन करता येईल.

२. ‘नेरळ रेल्वेवर आहे’

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. शब्दाचा मुख्य अर्थ त्या वाक्यात बाधित झाला पाहिजे. घेतलेल्या दुसऱ्या अर्थाचा मुख्यार्थाशी काही संबंध असला पाहिजे. आणि असा अर्थ घेण्यास रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक कारण असले पाहिजे. शास्त्रग्रंथांतील प्रसिद्ध उदाहरण गंगेवरील गवळीवाड्याचे आहे. प्रवाहावर वाडा असू शकत नाही, म्हणून ‘गंगा’ शब्दाने ‘गंगेचा तीर’ असा अर्थ घ्यावा लागतो. ‘तीरावर’ असे सरळ न म्हणता ‘गंगेवर’ म्हणण्याचे प्रयोजन असे की, गंगेचा गारवा आणि पावित्र्य त्या वाड्याला लाभावे.

हे उदाहरण पदव्युत्तर विद्यार्थी पाठ करतो, पण ते बहुधा संस्कृतातील एक दूरची गोष्ट म्हणूनच त्याच्या ध्यानात राहते. वस्तुतः ‘नेरळ मध्य रेल्वेवर आहे’ हे वाक्य त्याच घाटाचे आहे. गाव काही रुळांवर वसलेले नाही. मुख्यार्थ बाधित होतो, ‘मार्गालगत’ हा संबंधित अर्थ घेतला जातो. फरक इतकाच की, येथे बोलणाऱ्याला रेल्वेचा कोणताही गुण गावाला चिकटवावयाचा नाही. असे म्हणण्याची रीत पडली आहे, एवढेच कारण. म्हणून गंगेचे उदाहरण प्रयोजनवती लक्षणेचे, तर नेरळचे रूढ लक्षणेचे. दोन्ही शेजारी ठेवली की रूढी आणि प्रयोजन यांतील भेद व्याख्येविना समजतो.

डब्यातील प्रवासी ‘नेरळ आलं’ असे म्हणतो, तेव्हा जाणारी गाडी स्थिर राहते आणि स्थिर असलेले गाव चालू लागते. ‘रविवारी मुंबई माथेरानला येते’ या वाक्यात शहराचे नाव घेऊन शहरवासी सूचित होतात. माथेरानच्या छोट्या गाडीच्या मार्गावर ‘वॉटर पाइप’ नावाचे स्थानक आहे. पाण्याच्या नळाने त्या स्थळाला नाव दिले, आणि आता ते नाव घेताना कोणालाही नळ आठवत नाही. कात तयार करणाऱ्या जमातीला ‘कातकरी’ म्हणतात. तो व्यवसाय मागे पडला तरी नाव राहिले. मम्मटाने रूढीचे उदाहरण म्हणून दिलेला ‘कुशल’ शब्दही असाच आहे. कुश नावाचे गवत नीट खुडून आणणारा तो कुशल, हा त्याचा मूळ अर्थ आज कोणाच्याही मनात येत नाही.

अंतर आणि काळ मोजण्याच्या रीतीतही हाच व्यापार दिसतो. ‘वाडी हाकेच्या अंतरावर आहे’ या वाक्यात अंतराचे माप माणसाच्या आवाजाने घेतलेले आहे. माथेरानच्या मार्गावरील एकुलता एक बोगदा इतका आखूड आहे की त्याला ‘वन किस टनेल’ असे नाव पडले. त्यातही लांबीचे माप क्रियेने घेतलेले आहे. एक माप डोंगरातल्या वस्तीचे, दुसरे सहलीला आलेल्या प्रवाशांचे. माप कोणते निवडले यावरून मापणाऱ्याचे जीवन कळते, ही गोष्ट पुढे कवितेच्या विचारात उपयोगी पडेल.

३. डोंगराचे शरीर

बोलीतील लक्षणेचे सर्वात समृद्ध दालन भूगोलाच्या शब्दांत सापडते. ‘माथेरान’ या नावात माथा आहे. डोंगराला माथा आहे, म्हणून त्याला पायथा आहे; मध्ये खांदा, कूस आणि पाठ आहे. पुढे निघालेल्या चिंचोळ्या उतरणीला ‘सोंड’ म्हणतात, दोन कड्यांमधील अरुंद घळीला ‘नाळ’. कड्याच्या मध्यावर पसरलेल्या सपाट, रानाने भरलेल्या पट्टीला सह्याद्रीत ‘पदर’ हा शब्द आहे आणि कर्जत तालुक्यातच खांडसच्या बाजूला ‘पदरगड’ नावाचा किल्ला आहे. किल्ल्याच्या बालेकिल्ल्याखालील सपाटीला ‘माची’ म्हणतात. हा शब्द बसण्याच्या वा निजण्याच्या माचीशी संबंधित असून तो ‘राजमाची’ या नावात सर्वपरिचित आहे. माणूस, हत्ती, वस्त्र व आसन अशा नानाविध गोष्टींतून डोंगराचे वर्णन उभे राहिले आहे.

शेतीच्या भाषेतही तेच आहे. लोंबी बाहेर पडण्यापूर्वी भाताचा दांडा फुगतो, त्या अवस्थेला ‘पोटरी’ म्हणतात. पुढे दाण्यात ‘दूध भरते’. पायाची पोटरी आणि दुधाने भरलेला दाणा, ही दोन्ही रूपके एकेकाळी कोणाच्या तरी नजरेला प्रथम जाणवली असली पाहिजेत. आज ती शेतीच्या पुस्तकांतही पारिभाषिक शब्द म्हणून वापरली जातात व त्यांत काही काव्य आहे याची शंकाही येत नाही.

जॉर्ज लेकॉफ व मार्क जॉन्सन या दोन अभ्यासकांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, रूपक हा केवळ शब्दांचा खेळ नसून आपल्या विचाराचीच ती रचना असते. आपण वेळेला पैशाच्या आणि वादाला युद्धाच्या भाषेत समजून घेतो. आपल्या साहित्यशास्त्राला ही गोष्ट अगदीच नवी नाही. शब्दशक्तींच्या विचारात लक्षणेला जे स्थान मिळाले, त्यात बोलण्याचा पुष्कळसा भाग मुख्यार्थाच्या पलीकडे चालतो हे गृहीत आहेच. मात्र शिकवताना लक्षणा एका प्रकरणात आणि अलंकार दुसऱ्या प्रकरणात अशी वाटणी झाल्यामुळे दोहोंमधील नाते विद्यार्थ्याच्या दृष्टीआड गेले.

झिजलेले रूपक पुन्हा जिवंत करणे हे कवीचे एक काम आहे. यासाठी एक गंभीर उदाहरण घेऊ. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी १९४२ च्या आंदोलनात कर्जत-मुरबाडच्या डोंगरांत भूमिगत दस्ता उभारला, मुंबईचा वीजपुरवठा तोडण्यासाठी विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर झालेल्या चकमकीत ते व हिराजी पाटील मारले गेले. दोघांना ‘हुतात्मा’ म्हटले जाते. हा शब्द चौकांच्या व रस्त्यांच्या नावांत इतका रुळला आहे की त्यातील आहुती नजरेत येत नाही. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. स्वतःलाच अर्पण करणारा तो हुतात्मा. एखाद्या कवीने या शब्दाशेजारी समिधा किंवा राख एवढा एकच शब्द ठेवला, तर यज्ञाचे संपूर्ण रूपक जागे होते व नुसता सन्मानदर्शक शब्द पुन्हा एका मृत्यूचे वर्णन करू लागतो. अलंकाराने येथे शोभा वाढविली असे कोण म्हणेल? त्याने शब्दाला त्याचा अर्थ परत मिळवून दिला.

४. एक विषय, अनेक अलंकार

अलंकारांचे भेद शिकविताना प्रत्येक अलंकारासाठी निराळ्या कवितेतील निराळी ओळ देण्याचा प्रघात आहे. त्यामुळे ओळींचे विषयच निराळे असल्याने भेद अलंकाराचा की विषयाचा, हे स्पष्ट होत नाही. त्याऐवजी विषय एकच ठेवून अलंकार बदलत न्यावा. पावसाळ्यात नेरळहून माथेरानच्या डोंगराकडे पाहिले असता वरचा भाग ढगात बुडालेला असतो. एवढाच विषय घेऊन पुढील वाक्ये मुद्दाम रचली आहेत.

‘ढग माथ्यावर उतरला, कडा दिसेना, खाली खाचरात मात्र ऊन पडले होते.’ यात तुलना नाही. वस्तू आहे तशी, पण नेमक्या तपशिलांनिशी मांडली आहे. ही स्वभावोक्ती. दंडीने हिला अलंकारांत अग्रस्थान दिले. कुंतकाने मात्र वस्तूचा स्वभाव हाच वर्ण्य विषय असल्याने तो अलंकार होऊ शकत नाही, असा आक्षेप घेतला. हा वाद विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावा, कारण अलंकार म्हणजे शोभा की पाहण्याची रीत, हा प्रश्न त्यात थेट उभा राहतो.

‘घोंगडे पसरावे तसा ढग डोंगरावर पसरला.’ ही उपमा. उपमेय, उपमान, साधर्म्य व साम्यवाचक शब्द ही चारही अंगे उपस्थित आहेत. ढग ढगच राहतो, घोंगडे घोंगडेच; बोलणारा दोहोंच्या मध्ये उभा राहून तुलना करतो.

‘ढग पसरला, जणू डोंगराने घोंगडेच पांघरले.’ ही उत्प्रेक्षा. बोलणारा कल्पना करतो आणि ती कल्पना आहे हे ‘जणू’ने कबूलही करतो. डोंगराला प्रथमच क्रिया मिळाली, हेही ध्यानात घ्यावे.

‘ढगाचे घोंगडे डोंगराने पांघरले.’ हे रूपक. कबुली गळाली, दोन वस्तू एक झाल्या.

‘हा ढग नव्हे, डोंगराचे घोंगडे आहे.’ ही अपन्हुती. येथे खरी वस्तू नाकारावी लागते आणि नाकारण्यासाठी तिचे नाव घ्यावे लागते, त्यामुळे एकरूपता रूपकापेक्षा आग्रही होते, पण शांत राहत नाही.

‘ढग पाहून गुराख्याला वाटले, आपले घोंगडे वरच राहिले.’ हा भ्रांतिमान. तुलना कवीकडून निघून पात्राच्या मनात गेली आणि वर्णनाची एक लहानशी कथा झाली.

‘आज डोंगराने घोंगडे काढलेच नाही.’ येथे ‘ढग’ हा शब्दच उरला नाही. उपमानाने उपमेय गिळून टाकले. संस्कृत साहित्यशास्त्रात हा अतिशयोक्तीचा प्रमुख प्रकार आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत अतिशयोक्ती म्हणजे ‘फुगवून सांगणे’ एवढाच अर्थ राहिल्याने हा महत्त्वाचा प्रकार विद्यार्थ्याच्या हिशोबातून निसटला, आणि अशा वाक्याला तो चेतनगुणोक्ती म्हणून मोकळा होतो. ते उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे.

या वाक्यांत ढग, डोंगर व घोंगडे यांच्यातील अंतर क्रमाक्रमाने कमी होत गेले. ज्या कवितेला दोन वस्तूंमधील भेद राखून शांतपणे पाहावयाचे असेल ती उपमेजवळ थांबेल. जिला विषयाचा अनुभव पूर्णपणे दुसऱ्या जगात न्यावयाचा असेल ती शेवटच्या वाक्यापर्यंत जाईल. अलंकाराचे नाव म्हणजे या अंतराचे माप होय.

५. उपमानाची निवड

आता अलंकार तोच ठेवून उपमान बदलू. ‘ढगाचे घोंगडे’ऐवजी ‘ढगाचे इरले’ म्हटले तर काय होते? पानांनी शाकारलेले इरले डोक्यावरून पाठीवर घेऊन भातलावणी करण्याची चाल कोकणात होती. घोंगडे ऊब देते, इरले पाऊस अडविते. ‘डोंगराने ढगाचे इरले घेतले’ या वाक्यात जो पाऊस पाडणार, त्याचेच पावसापासून संरक्षण झाले, असा एक गमतीचा विरोध निर्माण होतो. शिवाय घोंगड्यातला डोंगर विश्रांती घेणारा वाटतो, इरल्यातला डोंगर कामावर निघालेला, वाकलेला वाटतो. उपमान बदलताच डोंगराचा दिनक्रम बदलला.

साधर्म्य तेच (झाकणे), तरी परिणाम निराळा, याचा अर्थ असा की उपमान आपल्याबरोबर साधर्म्याहून पुष्कळ अधिक काही घेऊन येते. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी १९३६ मधील आपल्या ग्रंथात रूपकाच्या दोन अंगांची परस्परांवर क्रिया घडते आणि अर्थ त्या क्रियेतून निष्पन्न होतो, असे प्रतिपादन केले, त्याचा प्रत्यय येथे येतो. मराठीत बा. सी. मर्ढेकर यांनी ‘भावनानिष्ठ समतानते’ची कल्पना मांडली. दोन वस्तू दिसण्यात सारख्या नसल्या तरी त्या मनात समान भावना जागवीत असतील तर काव्यात एकमेकींच्या जागी येऊ शकतात, असा तिचा आशय. साधर्म्य शोधण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला मर्ढेकरांच्या काळातील नवकविता दुर्बोध वाटते, याचे एक कारण तिच्यातील उपमाने इंद्रियगोचर साम्यावर नव्हे तर या समतानतेवर उभी आहेत, हे होय.

उपमानाच्या निवडीशी एक सामाजिक प्रश्नही निगडित आहे. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये ‘नवनीत’ हे मराठी कवितांच्या वेच्यांचे संकलन सिद्ध केले. शाळांतून प्राचीन कवितेची ओळख पुढील पिढ्यांना मुख्यतः त्याच्यामुळे झाली. पंडिती काव्यातील चकोर, चातक, हंस, कमळ हे कविसंकेत अशा वेच्यांतून विद्यार्थ्यांच्या परिचयाचे झाले. ते टाकून द्यावेत असे मुळीच नाही. संकेत ही परंपरेची भाषा आहे आणि ती शिकावीच लागते. पण ज्या मुलाने हंस पाहिलेला नाही आणि पावसाआधीच्या रात्री झाडावर एकत्र लुकलुकणारे काजवे मात्र पाहिले आहेत, त्याला उपमान म्हणजे पुस्तकात आढळणारी वस्तू असे वाटत राहिले, तर त्याची स्वतःची दृष्टी वर्गाबाहेर राहते.

ल. ना. चापेकर यांनी सह्याद्रीतील ठाकरांवर १९६० मध्ये जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या भागातील जमातीच्या जीवनाचा विस्तृत अभ्यास म्हणून प्रसिद्ध आहे. अशा वाड्यांतून आज मुले शाळा-महाविद्यालयांत येतात. त्यांच्या घरी कोडी घालणे, गाणी म्हणणे हा मौखिक परंपरेचा भाग असतो, आणि कोडे म्हणजे उपमेय लपवून नुसते उपमान पुढे करणे. चौथ्या विभागातील शेवटच्या वाक्याची रचनाच ती. ज्या मुलाच्या बोलीला शाळेत ‘अशुद्ध’ म्हटले जाते, तो अतिशयोक्तीचा सर्वात कठीण प्रकार घरून शिकून आलेला असतो. त्याला हे कोणी सांगितलेच नाही, तर कवितेचा तास त्याला परक्याच्या घरासारखा वाटेल, आणि मराठी कविता एका संभाव्य वाचकाला, कदाचित कवीलाही, मुकेल.

६. नाद आणि मात्रा

अर्थालंकारांकडे जितके लक्ष दिले जाते तितके कवितेच्या नादाकडे दिले जात नाही. अनुप्रास व यमक ओळखले की काम संपते. नेरळ-माथेरान मार्ग २२ मार्च १९०७ रोजी खुला झाला. सर आदमजी पीरभाय यांच्या पैशाने व त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली बांधलेला हा दोन फूट रुंदीचा, सुमारे एकवीस किलोमीटर लांबीचा मार्ग वळणे घेत डोंगर चढतो. त्यावरील सर्वात तीव्र चढ विसास एक असा आहे. वाफेची इंजिने या मार्गावरील नियमित वाहतुकीतून निवृत्त होऊन कित्येक दशके लोटली. मुंबईहून येणारी लोकल तर विजेवर चालते. तरीही मुलांसाठी गाडी ‘झुकझुक’च करते. ध्वनीचे अनुकरण म्हणून जन्मलेला शब्द ध्वनी नाहीसा झाल्यावरही टिकला. म्हणजे अनुकरणवाचक शब्दही कालांतराने संकेत होतो. ‘सळसळ’, ‘रिमझिम’, ‘खळखळ’ यांची परीक्षाही या दृष्टीने करता येईल.

मात्रावृत्ताची गती समजण्यासाठी दोन ओळी मुद्दाम रचून देतो. पहिली : ‘गाडी मोठ्या घाटामध्ये’. दुसरी : ‘हळुहळु चढते, वळते, फिरते’. दोहोंत आठ-आठ मात्रांची दोन आवर्तने, म्हणजे सोळा मात्रा आहेत. पहिलीत सर्व अक्षरे गुरू असून ती अवघी आठ आहेत. दुसरीत लघू अक्षरांची गर्दी असल्याने तितक्याच मात्रांत तेरा अक्षरे बसली आहेत. पहिली ओळ जड चालते, दुसरी तुरुतुरु धावते. येथे एक विसंगती लगेच दिसेल : ‘हळुहळु’ असा अर्थ सांगणारी ओळ प्रत्यक्षात जलद म्हटली जाते. एखाद्या कवीने हे नकळत केले असेल तर तो दोष, आणि लहान चाकांची लगबग व प्रत्यक्ष चढाईची मंदगती हा विरोध दाखविण्यासाठी केले असेल तर तो गुण. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त मराठी वृत्तांची जी व्यवस्था लावली, तिचा उपयोग वृत्ताचे नाव सांगण्यापुरता न करता नाद आणि अर्थ यांच्यातील मेळ किंवा बेबनाव तपासण्यासाठी करावा.

७. संपूर्ण कवितेत अलंकार

सुट्या ओळीतील अलंकार आणि संपूर्ण कवितेतील अलंकार यांत महत्त्वाचा फरक आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त अशी अपेक्षा व्यक्त केली आहे की, रसयुक्त काव्यात अलंकार निराळ्या प्रयत्नाने आणून बसविलेला नसावा, रसाच्या ओघातच तो सिद्ध झालेला असावा. याचा पडताळा पाहण्यासाठी बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता घ्यावी. विद्यार्थ्यांना ती परिचित असते आणि ‘चेतनगुणोक्ती’ म्हणून तिच्या शेवटच्या ओळीकडे बोट दाखविले जाते. पण त्या ओळीपर्यंत कविता कशी पोचते, हे पाहिले पाहिजे. आरंभी झरा, गाव, शेतमळे व पायवाट यांचे रंगांनी भरलेले चित्र आहे. पायवाटेला चालण्याची क्रिया दिली आहे. पण ‘वाट जाते’, ‘वाट चढते’ हे तर आपण रोजच बोलतो. नेरळहून निघालेली वाटही पेबच्या किल्ल्याकडे ‘जाते’च. या रूढ लक्षणेने वाचकाला काहीही अद्भुत घडल्याची जाणीव होत नाही, आणि तरीही निर्जीवाला हालचाल मिळून चुकलेली असते. मग पाणी झाकळते, आणि अखेरीस झाडाला माणसाची एक नेमकी बैठक मिळते. बोलीतील झिजलेले रूपक ही पायरी झाली, म्हणून शेवटची कल्पना बाहेरून लावल्यासारखी वाटत नाही.

तो औदुंबर कशासारखा बसला आहे, हे कवीने सांगितलेले नाही. म्हणजे साधर्म्य अनुक्त आहे. तो विरक्त आहे, खिन्न आहे की केवळ खेळकर आहे, याविषयी मराठी समीक्षेत पुष्कळ चर्चा झाली, तिचे मूळ या मौनात आहे. ‘चेतनगुणोक्ती’ हे उत्तर लिहून पुढे गेलेल्या विद्यार्थ्याला हे मौन ऐकू येत नाही.

८. अध्यापनासाठी काही सूचना

वरील विवेचनावरून वर्गात उपयोगी पडतील अशा चार सूचना करता येतात. पहिली अशी की, अलंकाराचे नाव विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : कोणत्या दोन वस्तू एकत्र आल्या, त्यांच्यात किती अंतर राखले आहे, आणि उपमानाने साधर्म्याखेरीज आणखी काय बरोबर आणले. दुसरी, चौथ्या विभागात दाखविल्याप्रमाणे विषय एकच ठेवून विद्यार्थ्यांकडून निरनिराळ्या अलंकारांत वाक्ये रचून घ्यावीत व प्रत्येक बदलाने काय मिळाले व काय हरवले, याची चर्चा करावी. तिसरी, कवितेतील सर्व अलंकारांची यादी न करता त्यांचा परस्परसंबंध शोधावा; कोणता अलंकार दुसऱ्याची तयारी करतो, हे पाहावे.

चौथी सूचना संशोधनाची आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या परिसरातील भूगोल, शेती, हवामान व प्रवास यांविषयीचे लाक्षणिक शब्द संकलित करावेत. शब्द, त्याचा स्थानिक अर्थ, मूळ अर्थ व तो कोणत्या वयाची माणसे वापरतात, एवढी नोंद पुरे. हे काम तातडीचे आहे. इरल्याची जागा प्लॅस्टिकने घेतली आहे. नेरळ-कर्जत पट्ट्यात गृहसंकुले वाढत आहेत आणि त्यांची नावे बहुधा इंग्रजी असतात. ‘पदर’, ‘नाळ’, ‘सोंड’ हे शब्द तेथे राहावयास येणाऱ्याच्या कानावर पडण्याचे कारण उरत नाही. वस्तू गेली की तिच्यावर उभे असलेले रूपक काही काळ तग धरते, आणि मग टीपेत अर्थ दिल्यावाचून कळेनासे होते.

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांपैकी अनेक जण उद्या शाळांतून कविता शिकवतील. ‘अलंकार ओळखा’ हा प्रश्न तेव्हाही असेल आणि तो असण्यास हरकत नाही. मात्र त्या प्रश्नाचे उत्तर लिहून झाल्यावर मुलाने खिडकीबाहेरच्या डोंगराचा माथा कोणता आणि पदर कोणता हे दाखवावे, व तेही एक उत्तरच आहे हे अध्यापकाने त्याला सांगावे, एवढी अपेक्षा या लेखाच्या निमित्ताने नोंदवितो.